कुठलं बूच?

३ फेब्रुवारी

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडल्यावर तुम्ही आईला विचाराल, हिला आता काय हवंय. हवंय, म्हणून आधीच कबूल करते.

माझ्या बोटांच्या भेगा बऱ्या होत नाहीत. दिवसभर बाइंडिंगच्या टेबलावर सरस आणि कागद, घरी आले की साबणाचं पाणी. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की एक तर भांडी घासणं बंद करा नाहीतर पुस्तकं शिवणं बंद करा. मला पहिलं सोपं वाटलं. आमच्या कारखान्यातली एकजण घर बदलतेय, तिने तिचा डिशवॉशर मला दिला. गेले आठ दिवस तो ओट्याशेजारी अवघडलेल्या पाहुण्यासारखा उभा आहे. पाणी आत येणारी नळी मी जोडली. तीन दिवस खाली कोरा कागद ठेवून पाहिला, डाग पडला नाही. घाण पाणी बाहेर टाकणारा पाइप राहिलाय. तो सिंकखाली कसा जोडायचा ते सविस्तर लिहा. फोनवर नको. मागच्या वेळी मी ताप आलाय म्हणाले, तुम्ही साप ऐकलंत आणि काठी घे, काठी घे म्हणून ओरडत राहिलात.

आता दुसरी गोष्ट. ही वाचून पत्र फाडू नका. पाइपाची क्लिप घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. दुकानदार म्हणाला, फार आवळू नका. मी सवयीने तुमचंच वाक्य म्हणाले, आवळायची, पण जीव नाही घ्यायचा. तो हसायलाच लागला. म्हणाला, हे वाक्य या भागात एकच माणूस म्हणतो, पलीकडच्या गल्लीतला म्हातारा प्लंबर. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहून आले. काका आहेत. केस पांढरे झालेत, पण हत्यारांची पिशवी अजून डाव्याच खांद्यावर आणि चालणं हुबेहूब तुमचं.

मी हाक मारली नाही. बावीस वर्षं आपल्या घरात ज्यांचं नाव निघालं नाही, त्यांना तुम्हाला न विचारता हाक मारायची माझी छाती झाली नाही. पण बाबा, मला त्यांना घरी बोलवायचंय. पाइपाचं निमित्त आयतं आलंय. तुमचा होकार असेल तर तेवढा एक शब्द लिहा.

आईला नमस्कार. लोभ गळू देऊ नये, ही विनंती.

तुमची,
ठमी


७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. फाडलं नाही. होकारही नाही.

तू तेव्हा बारा वर्षांची होतीस आणि तुला कुणी धड सांगितलं नाही, म्हणून एकदाच लिहितो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याचं मोठं यंत्र बसवायचं काम आम्हा दोघांकडे होतं. मी गच्चीवर टाकीपाशी होतो, तो खाली सिंकपाशी. मी त्याला वरून सांगितलं, बूच काढ आणि मग जोड. दुसऱ्या दिवशी यंत्र चालवलं तर पाणी पुढे जाईना, पाइप उडाला आणि खालच्या कोठीतलं चाळीस पोती पीठ भिजलं. मी स्वतः बोट घालून पाहिलं. बूच जागच्या जागी होतं. आणि हा सगळ्यांसमोर म्हणतो, दादा, काढलं होतं, हे बघ. खिशात हात घालून नाटकं करायला लागला. हातून चूक झाली तर मी समजू शकतो, माझ्याही झाल्यात. पण तोंडावर खोटं बोललेलं मला चालत नाही. तो पिशवी घेऊन गेला आणि मी त्याला थांबवलं नाही. विषय संपला.

आता तुझं काम. अवघड नाही. सिंकखाली सांडपाणी जिथून जातं तो बाटलीसारखा ट्रॅप असेल, त्याला बाजूला एक आडवं तोंड असतं, बोटभर लांब. यंत्राचा पाइप त्यावर बसतो. पण पाइप जमिनीवरून सरळ तिकडे नेऊ नकोस. आधी वर चढव, अगदी ओट्याच्या खालच्या बाजूला टेकेपर्यंत, तिथे तारेने बांध आणि मग खाली तोंडाकडे उतरव. नाहीतर सिंकमधलं खरकटं पाणी उलटं यंत्रात शिरेल आणि धुतलेल्या ताटल्या पुन्हा धुवाव्या लागतील. क्लिप आधी पाइपात ओवून ठेव, आयत्या वेळी ती बसत नाही. पेचकसाने आवळ. किती, ते तुला माहीत आहे. आणि बूच काढून मग जोड. हे विसरू नकोस.

हातांना मलम लाव. आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मागायची गरज नाही.

बाबा

ता. क. हे पत्र टपालात टाकायला मी जातेय, म्हणून चार ओळी माझ्या. भावजींना खोटं बोलताना मी कधी पाहिलं नाही गं. कपाची दांडी तुटली तरी आपण होऊन सांगायला यायचे. हे मी ह्यांना तेव्हाच बोलले होते, पण ह्यांच्या कानात बूच काही आत्ता बसलेलं नाही. दिसले तर कसे दिसतात ते मला वेगळ्या चिठ्ठीत लिही. – आई


१५ फेब्रुवारी

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगते. माझं स्वयंपाकघर काल कपाटाच्या खालच्या फळीपर्यंत धुऊन निघालं.

तुमचं पत्र समोर ठेवलं होतं. एकेक ओळ झाली की पेन्सिलने खूण करत गेले, कारखान्यात आम्ही पुस्तकाचे छापील फर्मे तपासतो तसं. पाइप वर चढवला, ओट्याखाली तारेने बांधला, खाली उतरवला. क्लिप ओवून ठेवली होती. बूच काढलं. पाइप तोंडावर बसवला, आवळला, जीव घेतला नाही. आठ ताटल्या आणि दोन पातेली आत ठेवून यंत्र चालू केलं आणि समोर स्टूल टाकून बसले. आतून छान खळखळ ऐकू येत होती. माझी स्वारी एकदम खूश. वीसेक मिनिटांनी ते पाणी बाहेर टाकायला लागलं आणि सिंकखालच्या दारातून लोटच आला. पाइप तोंडावरून निसटून कपाटात फणा काढून उभा होता.

खालच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाई राहतात. पाणी पियानोवर पडलं नाही, ते वाजवणाऱ्या विद्यार्थ्याच्या टकलावर पडलं. विद्यार्थी म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर. बाई सांगत होत्या, गृहस्थांनी मान तेवढी बाजूला केली आणि धडा पुरा वाजवला. मी जाऊन दोघांचीही माफी मागितली. छताला ताटाएवढा डाग पडलाय, तो मी रंगवून देणार आहे.

कुठे चुकलं ते मला कळत नाही. तुम्ही नक्की म्हणाल, बूच काढलं नसशील. बाबा, काढलं होतं. शपथेवर सांगते. काढून खिशात ठेवलं होतं, ते अजून एप्रनच्या खिशातच आहे. हवं तर येऊन बघा.

यंत्र बंद आहे, भांडी मी हातमोजे घालून घासतेय आणि निम्मी माझ्या हातून निसटतायत. काकांचा विषय मी काढणार नव्हते. पण पलीकडच्या गल्लीत राहतात, एवढं पुन्हा सांगते.

रागावा, पण लोभ आटू देऊ नये.

तुमची,
ठमी


१९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद.

खिशात काय आहे ते लिही. आकार, रंग, कशाचं बनलंय, कुठून काढलंस. दुसरं काही लिहू नकोस. उत्तर लगोलग टाक. मी रागावलेलो नाही.

बाबा

ता. क. काय लिहिलं होतंस गं? तुझं पत्र ह्यांनी चार वेळा वाचलं. दुपारी जेवण टाकून उठले आणि हत्यारांच्या खोलीत जाऊन बसले. विचारलं तर म्हणतात, ही पण तेच म्हणतेय. कोण पण, काय तेच, काही उलगडा नाही. तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. – आई


२२ फेब्रुवारी

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काळं रबर. गोल, वरून रुंद, खाली थोडं निमुळतं. अंगठ्याच्या पेराएवढं जाड. वर पितळी कडी आहे, तिची साखळी तुटलेली. सिंकच्या मधल्या भोकातून काढलं. पाणी साठवायला जे लावतो ते.

तुम्ही दुसरं काही लिहू नकोस म्हणालात, पण एक विचारतेच. बूच म्हणजे हेच ना? मला तर ते लगेच पटलं होतं. यंत्राचं पाणी जायचं असेल तर सिंकचं बूच बसवलेलं नसावं, हे बरोबरच वाटलं. आपल्या घरात जे जे काही बंद करतं ते सगळंच बूच. बाटलीचं, टाकीचं, फुलदाणीच्या बुडाला तुम्ही ठोकलंत ते. सिंकपाशी याच्याशिवाय दुसरं कुठलं बूच असतं?

तुमची,
ठमी


२६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

असतं. ट्रॅपचं ते आडवं तोंड कारखान्यातूनच बंद येतं. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांचं पाणी तिथून गळू नये म्हणून आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा पडदा असतो, रुपयाएवढा. तो कापून काढल्याशिवाय पाइप जोडला, तर पाणी भिंतीवर डोकं आपटून परत येतं. दुकानात त्याला नाव नव्हतं. मी त्याला बूच म्हणायचो. मला वाटायचं, सगळेच म्हणतात.

तुझं काही चुकलं नाही. सांगणाऱ्याचं चुकलं. बावीस वर्षांपूर्वीही सांगणारा मीच होतो आणि शब्द हाच होता. तसल्या यंत्राचं ते आमचं पहिलंच काम. ते तोंड मी एकदा हाताळलं होतं, त्याने कधी पाहिलंही नव्हतं. त्याने काय काढून खिशात ठेवलं होतं, ते मला तुझ्या पत्रावरून कळलं. तेव्हा तो दाखवत होता, मी बघितलं नाही.

सोबत बंद पाकीट आहे. ते त्याला नेऊन दे. घेतलं नाही तर उंबऱ्यावर ठेवून ये. त्याच्यामागे लागू नकोस. त्याला नाही म्हणायचा हक्क आहे.

यंत्राला हात लावू नकोस.

बाबा


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

आशीर्वाद द्यायचा मला काही अधिकार उरलाय की नाही, माहीत नाही. मायना दुसरा सुचेना.

हे पत्र आणणारी ठमी आहे. तू तिला पिशवीवर बसवून कामावर न्यायचास, ती. तिला मी या महिन्यात पत्रातून काम सांगितलं, बूच काढून मग जोड. तिने सिंकचं रबरी बूच काढलं, खिशात ठेवलं आणि पाइप जोडला. घरात पाणी झालं. मला लिहिलं, बाबा, काढलं होतं, शपथेवर सांगते, खिशात आहे. पोरगी लहानपणापासून खोटं बोलत नाही. आणि माझ्या लक्षात आलं, की तूही बोलत नव्हतास.

बुचं दोन होती. मी एकाच शब्दात दोन्ही बसवली आणि तुला कळलंच असेल असं धरून चाललो. तू खिशातून ते काढून माझ्यापुढे धरलंस, तेव्हा मी तुझ्या हाताकडे बघायला हवं होतं. मी कोठीवालीच्या तोंडाकडे बघत होतो. तिच्यासमोर, दोन्ही आचाऱ्यांसमोर, मी तुझ्या थोबाडीत मारली. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही. सगळ्यांना एवढंच सांगितलं, की तू खोटं बोललास. चौतिशीच्या भावावर हात टाकला आणि वर बावीस वर्षं त्यालाच खोटारडा म्हणत राहिलो.

मला आता ऐकू येत नाही. हातही कापतो, पेचकस खाचेत बसत नाही. कामं बंद केली त्याला चार वर्षं झाली. हे दया यावी म्हणून लिहीत नाही, तू समोर आलास आणि मी उत्तर दिलं नाही तर पुन्हा गैरसमज नको, म्हणून लिहितो. मोठ्याने बोलावं लागेल.

मला तुझी माफी हवी आहे. न दिलीस तरी तू खरं बोलत होतास हे मी लिहून दिलंय. हा कागद कुणालाही दाखव.

पोरीचं काम करशील तर उपकार होतील. तिच्या हातांना भेगा पडल्यात.

दादा


३ मार्च

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट दिलं. घेतलं.

शनिवारी दुपारी गेले. काका खोलीत एकटेच होते, जुन्या नळांचे वायसर बदलत बसले होते. मला ओळखलं नाही. मी ठमी म्हटल्यावर आधी माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय करून घेतलंस. पाकिटावरचं अक्षर बघून ते उठून खिडकीशी गेले. उभ्यानेच वाचलं. मग एकच पान पुन्हा वाचलं. मला म्हणाले, तू बाहेर थांब. मी जिन्यात थांबले. पाऊण तासाने पिशवी खांद्यावर टाकून बाहेर आले, डोळे लाल होते, आणि चल म्हणाले.

माझ्याकडे आल्यावर सिंकखाली आडवे झाले आणि त्या तोंडात बोट घातलं. तसेच पडून राहिले. मला वाटलं कंबर धरली. विचारलं तर म्हणाले, काही नाही, भेटलं. मग धारदार पातं मागितलं. माझं चामडं कापायचं पातं दिलं, त्या पात्याने त्यांनी पडदा अलगद कापून काढला. कडा कानशीने घासल्या, कचरा अडकू नये म्हणून. पडदा धुतला, पुसला आणि खिशात ठेवला. छताचा डाग बघायला खाली गेले, तर पियानोच्या बाईंचा गळका नळ नीट करून आले.

पण पाइप जोडलेला नाही. वर चढवलाय, बांधलाय, क्लिप ओवलीय, टोक तोंडाशेजारी नुसतं टेकवून ठेवलंय. मी कारण विचारलं तर म्हणाले, तुझ्या बापाला लिहून कळवतो. सोबतचं पाकीट त्यांचं आहे. मी उघडलेलं नाही, पण आत काहीतरी गोल आणि टणक लागतंय.

आईला सांगा, भावजी बारीक झालेत, पण चष्मा त्यांना शोभतो.

लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही, तो सध्या पुरून उरतोय.

तुमची,
ठमी


३ मार्च

ति. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ते मी कुणाला दाखवणार नाही, पण फाडणारही नाही.

बुचं दोन होती हे मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. एका कामावर तसलंच तोंड हातात आलं आणि आतला पडदा बोटाला लागला. त्याच दिवशी तुला पत्र लिहायला घेतलं. पण चूक माझी असं लिहू की तुझी असं लिहू, ते ठरेना. माझी लिहिली तर मार खाल्लेला गाल तयार होईना, तुझी लिहिली तर तू वाचणार नाहीस. कागद तसाच राहिला. तेव्हा बावीसपैकी तीन वर्षं तुझी आणि एकोणीस माझी. सगळी स्वतःकडे घेऊ नकोस.

थोबाडीत मारलीस ते मी विसरलेलो नाही. विसरेन असं खोटं लिहीत नाही. समोर आलास की एकदा त्यावर भांडणार आहे. मोठ्याने भांडेन, तुला ऐकू जाईल असं. मग वहिनींच्या हातचं जेवेन.

पोरीचं काम पाहिलं. पाइपाची चढण अगदी तुझ्यासारखी, तार सुद्धा दोनदा पिळलेली. सोबत पडदा पाठवतोय. या वेळी बरोबरचं बूच काढलंय. नीट बघ.

जोडायचं मात्र ठेवलंय. तू म्हणाला होतास, काढ आणि मग जोड. काढणं माझं झालं. हात कापतो म्हणतोस तर पेचकस मी धरेन, तू फिरव. दोघंही या, तू आणि वहिनी.

फार दिवस लावू नकोस. डॉक्टरांनी पोरीला साबणाला हात लावायची बंदी केली आहे, आणि यंत्र बंद. तू येईपर्यंत तिची भांडी रोज संध्याकाळी मी घासतोय.

तुझा,
धाकटा